आपली धरणं, आपले मासे

लोणावळ्यात किंवा मावळात वाढलेल्या कोणालाही इथली धरणं मोजायला सांगा. भुशी आधी तोंडात येतं, मग वळवण, तुंगार्ली, शिरोता, पवना. आंदर मावळातला कोणी असेल तर ठोकळवाडी, आणि घाटमाथ्याने दक्षिणेला उतरणारा असेल तर मुळशी. आता या पाण्यातले मासे मोजायला सांगा. रहू, कटला आणि चिलापी, यापुढे बहुतेकांची यादी जात नाही. गंमत म्हणजे या तिघांपैकी एकही मूळचा इथला नाही.

स्मरणिकेसाठी परिसराच्या इतिहासावर लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा लोहगड-विसापूर आणि कार्ल्याची लेणी बाजूला ठेवून मी हा विषय घेतला. किल्ले आणि लेणी आपल्याला शाळेत भरपूर शिकवली. पाण्याबद्दल मात्र पावसाळी सहलीपलीकडे फारसं बोलणं झालं नाही. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. पण एखादी जुनी यंत्रणा आज अशी का वागते हे कळायला हवं असेल, तर ती कोणी, कधी, कशासाठी बांधली आणि नंतर कोणी कुठे ठिगळं लावली हे तपासावं लागतं, ही सवय या कामाने लावली आहे. त्याच सवयीने आपल्या पाण्याकडे बघण्याचा हा प्रयत्न.

साइक्सच्या यादीतले मासे

धरणांच्या आधी इथल्या नद्यांत काय होतं, याची एक चांगली नोंद आपल्या नशिबाने शिल्लक आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांनी मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी जमवायच्या कामावर नेमलं. पिकं, लोकसंख्या, पाऊस हे तर त्याने नोंदवलंच, शिवाय पक्षी आणि मासेही गोळा केले. दख्खनच्या माशांवरचं त्याचं लेखन 1839 साली लंडनमध्ये छापून आलं. त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक त्याने नव्या म्हणून वर्णिल्या.

त्याच्या यादीतली नावं वाचताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला. खुद्री, कोळूस, मसला, नुक्ता, फुलंगी, शिंगाळा. स्थानिक लोकांच्या तोंडून ऐकलेली नावं त्याने कानाला लागली तशी रोमन लिपीत उतरवली आणि तीच शास्त्रीय नावांत घातली. प्राणिशास्त्रात असा नियम आहे की पहिल्यांदा दिलेलं जातीचं नाव सहसा बदलत नाही. त्यामुळे जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ आज आपल्या महाशीर माशाबद्दल लिहितो तेव्हा त्याला ‘टॉर खुद्री’ लिहावंच लागतं, पुढे कंसात साइक्सचं नाव आणि 1839 हे साल. हा मासा साइक्सने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळाल्याचं नोंदवलं आहे. नुक्ता हा नाकावर उंचवटा असलेला विचित्र मासा त्याला इंद्रायणीत सापडला. आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

खुद्रीला आपल्याकडे खडशी किंवा खडची असंही म्हणतात. मोठे जाड खवले, जाड ओठ, अंगात प्रचंड ताकद. स्वच्छ, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी त्याला लागतं. एरवी तो मोठ्या नदीच्या डोहात राहतो आणि पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट दिशेने चढत वरच्या लहान ओढ्यांकडे जातो. तिथे खडी-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. रहू-कटल्याच्या मानाने त्याची अंडी संख्येने कमी असतात. म्हणजे या माशाचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे खालच्या डोहापासून वरच्या ओढ्यापर्यंतची मोकळी वाट.

ही वाट आपल्या माणसांनाही चांगली ठाऊक होती. पहिल्या पावसात शेताच्या बांधांवरून वर सरकणारे चढणीचे मासे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पकडले असतील. भोई, कोळी, ठाकर आणि कातकरी घरांत तर कोणत्या ओहोळाला कोणता मासा कधी चढतो, याचं पक्कं ज्ञान होतं. काही डोह मात्र लोकांनी मुद्दाम सोडून दिले होते. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना देवमासे म्हणतात आणि त्यांना कोणी गळ लावत नाही. घाट उतरून महाडच्या बाजूला गेलं की वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. तेही महाशीरच.

पूर्वेचं पाणी पश्चिमेला

आपल्या परिसरातलं पहिलं नवं पाणी रेल्वेचं. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं, म्हणून त्याच दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने भुशीचा बांध घातला. ज्या पायऱ्यांवर आज पर्यटक बसतात, त्या एका तहानलेल्या इंजिनासाठी बांधलेल्या आहेत.

खरा बदल त्यानंतर पन्नास वर्षांनी झाला. मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत होत्या आणि शहर धुराने भरलं होतं. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस साठवून त्यावर वीज करता येईल, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनात होती. ते 1904 साली गेले, पण 1910 मध्ये त्यांच्या मुलांनी कंपनी स्थापन केली आणि 1911 च्या फेब्रुवारीत लोणावळ्यात कामाची पायाभरणी झाली. वळवण, शिरोता आणि लोणावळा हे तलाव तयार झाले आणि 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. पाठोपाठ आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण आणि त्यावर 1922 साली भिवपुरीचं वीजघर, मग मुळशीचं धरण आणि 1927 साली भिऱ्याचं वीजघर.

ही रचना इंजिनिअरच्या नजरेला अतिशय देखणी वाटते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. जवळच सह्याद्रीची कडा आहे आणि कड्याखाली सुमारे पाचशे मीटरवर कोकण. वर बांध घाला, पाणी कड्यापर्यंत आणा आणि नळातून खाली सोडा. तळाशी ते पाणी चक्राच्या वाट्यांवर आदळतं आणि वीज तयार होते. पाणी वापरून संपत नाही, धूर होत नाही. शंभर वर्षांनंतरही ही तिन्ही केंद्रं चालू आहेत आणि त्यांची एकत्रित क्षमता आता 447 मेगावॉट आहे. असं टिकाऊ काम आमच्या क्षेत्रात क्वचितच बघायला मिळतं.

या देखण्या रचनेत एक मूलभूत बदल दडलेला आहे. इंद्रायणी, आंद्रा आणि मुळा या तिन्ही नद्या पूर्वेला वाहतात. त्यांचं पाणी भीमेला मिळतं, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. वीजघरातून निघालेलं पाणी मात्र खोपोलीला पाताळगंगेत जातं, भिवपुरीला उल्हासमध्ये आणि भिऱ्याला कुंडलिकेत, म्हणजे अरबी समुद्राकडे. कोलाडला राफ्टिंगला गेलेल्यांनी ज्या प्रवाहात होड्या घातल्या, तो मुळशीच्या पाण्याचा होता. मुंबईला वीज मिळाली, कोकणातल्या नद्या उन्हाळ्यातही वाहू लागल्या. पूर्वेकडच्या नद्यांच्या पदरातून तेवढं पाणी कायमचं गेलं. दुष्काळाच्या वर्षी हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात सोडा, ही मागणी जोर धरते. तिचं मूळ 1911 च्या त्या पायाभरणीत आहे.

मुळशी

ज्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या, त्यांना कोणी विचारलं होतं का? मुळशीच्या लोकांनी हा प्रश्न अशा ताकदीने मांडला की तो इतिहासात नोंदला गेला.

मुळशी खोरं आंबेमोहोर तांदळासाठी प्रसिद्ध होतं. धरणाखाली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. भूसंपादनाचा कायदा वापरून सरकार जमीन घेणार आणि ती एका खासगी कंपनीला देणार, असा व्यवहार होता. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पाडलं. “जान किंवा जमीन” ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते या लढ्यातून. विनायकराव भुस्कुटे हे दुसरे प्रमुख नेते. माणसं तुरुंगात गेली, स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. 1924 मध्ये बापटांनी कामगारांना नेणारी रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तोपर्यंत लढा विरला होता.

तो का विरला, याचं उत्तर राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या पुस्तकात दिलं आहे. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. त्यांना नुकसानभरपाई चांगली मिळाली, तर लढ्यात त्यांचा रस संपणारच होता. कसणाऱ्याला पैसा नको होता, भाताचं खाचर हवं होतं. व्होरांनी या सत्याग्रहाला धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं आंदोलन म्हटलं आहे. नर्मदेच्या पासष्ट वर्षं आधी ते आपल्या शेजारच्या खोऱ्यात घडलं, आणि दहावीपर्यंतच्या इतिहासात ते मला कुठे भेटलं नाही.

आपल्या वर्गाकडे मागे वळून बघताना मला हे फार जाणवतं. एका बाकावर वीज कंपनीच्या वसाहतीतली मुलं होती. त्यांचे वडील पाण्याच्या पातळीची रोज नोंद ठेवत. शेजारच्या बाकावर आंदर मावळातली, पवन मावळातली, मुळशीकडची मुलं होती, ज्यांच्या आजोबांचं घर त्याच पाण्याच्या तळाशी होतं. डबा आपण एकत्र खाल्ला. धरणाने एकाला काय दिलं आणि दुसऱ्याचं काय घेतलं, हे मात्र एकमेकांना विचारलं नाही. ते कळायचं ते वयही नव्हतं.

वळवणची अंडी

आता पुन्हा माशांकडे. धरणाची भिंत उभी राहिली की खुद्रीची वाट बंद होते. खालच्या डोहातला मासा वर येऊ शकत नाही. पण भिंतीच्या वरच्या बाजूला अडकलेल्या माशांना एक खोल, थंड, स्वच्छ तलाव मिळाला आणि त्या तलावाला येऊन मिळणारे छोटे ओढे तसेच राहिले. पावसाळ्यात मासे त्या ओढ्यांच्या तोंडाशी जमत, चढत आणि अंडी घालत. खालच्या नद्यांतला महाशीर सांडपाणी, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेल्या मासेमारीने कमी होत गेला. वरच्या तलावांत तो टिकून राहिला.

हे हेरलं ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी. ते महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक होते. 1970 च्या सुमारास लोणावळ्याच्या तलावांत त्यांनी या माशाच्या प्रजननाचा अभ्यास केला आणि कृत्रिम रीतीने अंडी फलित करून पिल्लं वाढवून दाखवली. टाटांच्या वीज कंपनीने वळवणला त्यासाठी केंद्र उभं केलं. पुढे शशांक ओगले यांनी अनेक वर्षं ते काम सांभाळलं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. ओढ्याच्या तोंडाशी चढायला आलेला पक्व मासा जाळ्याने अलगद धरायचा, पोटावरून हात फिरवून मादीची अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचं वीर्य घालून हलक्या हाताने मिसळायचं आणि मासे पुन्हा तलावात सोडायचे. सोनेरी-पिवळी अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवली की तीन-चार दिवसांत त्यांतून पिल्लं बाहेर पडतात. पोटाशी बलकाची जड पिशवी असल्याने पहिले काही दिवस ती ट्रेच्या कोपऱ्यात डोकी खुपसून पडून राहतात. निसर्गात याच दिवसांत त्यांना सगळ्यात जास्त धोका असतो. हा काळ सुरक्षित गेला की पिल्लू बोटुकलीएवढं होतं आणि सोडायला तयार होतं. वळवणची लाखो बोटुकली देशभरातल्या नद्या-तलावांत गेली. लोणावळ्याबाहेर हे फार थोड्यांना माहीत आहे, लोणावळ्यातही तसंच.

कावेरीतून आलेली बातमी

गोष्ट इथे संपवली असती तर ती अभिमानाची झाली असती. पण पुढचा भागही आपलाच आहे.

वळवणची बोटुकली ज्या नद्यांत गेली त्यांत कर्नाटकातली कावेरी होती. गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या जगात कावेरीचं खोरं प्रसिद्ध आहे. 1946 साली तिच्या कबिनी या उपनदीत 120 पौंडांचा महाशीर पकडला गेला होता. कावेरीतले मासे कमी होताना दिसले तेव्हा 1970 च्या दशकात तिथल्या मंडळींनी लोणावळ्याची पिल्लं आणून सोडायला सुरुवात केली. हेतू उत्तम होता. महाशीर कमी झाला, महाशीर सोडला.

पण तो विक्रमी मासा खुद्री नव्हता. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा महाशीर होता आणि जगात तो फक्त त्याच खोऱ्यात होता. 2015 साली एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी मासेमारीच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं, की सोडलेला निळसर परांचा खुद्री वाढत गेला आणि त्याच काळात मूळचा उंचवट्याचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. 2018 साली त्या मूळ माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून निश्चित झाली आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. याच सुमारास आपला खुद्री फारसा धोका नसलेल्या गटात आला. वाळूउपसा, धरणं आणि सुरुंग ही कारणं कावेरीतही आहेतच, सगळा दोष वळवणच्या पिल्लांचा नाही. तरीही एका नदीला वाचवणारं काम दुसऱ्या नदीला जड जाऊ शकतं, हे आपल्या गावच्या माशाने दाखवून दिलं.

मला या सगळ्या इतिहासात एकच धागा दिसतो. दर वेळी काम करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट मोजली. रेल्वेने इंजिनाची तहान मोजली, वीज कंपनीने मेगावॉट मोजले, सरकारने नुकसानभरपाईचे रुपये मोजले, मत्स्यकेंद्राने बोटुकली मोजली. मोजलेलं काम प्रत्येकाने चोख केलं. जे मोजण्याच्या यादीतच नव्हतं त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरली. कधी ती भीमेकाठच्या शेतकऱ्याने भरली, कधी मुळशीच्या कुळाने, तर कधी कावेरीतल्या माशाने.

आता आपल्या हातात काय आहे

आज पवनेसारख्या सरकारी धरणांत मासेमारीचा हक्क ठेक्याने सहकारी संस्थांना दिला जातो. तिथे रहू, कटला, मृगळ यांचं बीज वर्षानुवर्षं सोडावं लागतं, कारण हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. चिलापी मात्र कोणी न सांगता वाढते. देहूच्या देवमाशांना गळ कोणी लावत नाही, पण इंद्रायणीचं पाणी बिघडल्यावर तिथे मेलेल्या माशांच्या बातम्या येतात. मुळशीच्या तलावाकाठच्या वाड्यांना जमिनीच्या हक्कासाठी अजून हेलपाटे घालावे लागतात. शंभर वर्षांत हा हिशोब मिटलेला नाही.

म्हणून या स्नेहमेळाव्यात एक काम सुरू करावं, असं मी सुचवते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसं आहेत. त्यांना तीन गोष्टी विचारा आणि लिहून आणा. तुमच्या ओढ्यात कोणते मासे चढायचे, त्यांची नावं काय? कोणता डोह राखलेला होता आणि कोणत्या देवाचा? धरणाखाली गेलेल्या वाडीचं, शेताचं, वाटेचं नाव काय? नाव जसं उच्चारलं तसंच लिहा, शुद्ध करू नका. भोई, ठाकर आणि कातकरी घरांतल्या आपल्या वर्गमित्रांना यातलं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना आधी विचारा.

मी ही माहिती एकत्र करून, नकाशावर मांडून शाळेच्या वाचनालयाला देईन. तेवढं काम मला येतं. साइक्सने त्याच्या वहीत नावं उतरवली त्याला जवळपास दोनशे वर्षं झाली. दुसरी वही आपण लिहू. माझ्या यादीत सध्या अकरा नावं आहेत. त्यांतली चार माझ्या आईकडून मिळाली.